दसऱ्याला दिलेला होकार

कडूबाईच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून हिला नजर लागू नये असं नाव आईनं ठेवलं. सासरी माकणीतली माणसं म्हणायची, आईनं नुसतं नाव ठेवलं न्हाय, गावाला आधीच सावध करून ठेवलं. कडूबाईच्या कानावर हे आलेलं होतं आणि तिला त्यात कमीपणा वाटत नव्हता. गोड बोलणाऱ्याच्या रानात दुसऱ्याची जनावरं चरतात, हे तिचं मत.

शाळेत ती दुसरीपर्यंत गेली असेल-नसेल. घरात मात्र हुकूम तिचा. त्यातला सगळ्यात कडक हुकूम असा, की सणाच्या दिवशी उंबऱ्याच्या आत 'न्हाय' हा शब्द काढायचा नाही. मीठ संपलं तर 'मीठ वाढलं' म्हणायचं. दारात कुणी मागायला आलं तर ओंजळभर का होईना, द्यायचं. तिच्या सासूनंही हेच पाळलं होतं. एका पाडव्याला सासऱ्यानं ताटावरून उठताना 'भात न्हाय व्हय?' एवढंच विचारलं, तर तिनं त्यालाच अंगणात काढलं होतं.

तर त्या दसऱ्याची गोष्ट.

घराच्या पाठीमागं पत्र्याच्या खोलीत अंडी उबवायचं मशीन होतं. कपाटाएवढं, काचेच्या दाराचं. त्याला एक जुनापुराणा कॉम्प्युटर वायरीनं जोडलेला. मशीनचं डोकं म्हणजे तोच. त्यानं सांगितलं की आतले बल्ब पेटायचे, त्यानं सांगितलं की पंखा फिरायचा. ज्या कारखान्यानं हे जोडून दिलं, तो कारखाना कधीच बंद पडला होता. कॉम्प्युटर मात्र कुरकुरत का होईना, चालत होता. खंडेनवमीला कोयता, कुदळ, मोटार यांच्या रांगेत त्यालाही हळदकुंकू लागलं होतं, झेंडूचा हार पडला होता.

आणि मशीनमध्ये त्या वेळी जी अंडी होती, ती साधी नव्हती. कडूबाई सोनारी गावची लेक. लग्नात तिनं दागिन्यांपेक्षा जिवापाड जपून आणली ती एक दुरडी, आणि दुरडीत बोडक्या मानेच्या काळ्या कोंबड्यांची जोडी. ते वाण तिनं इतकी वर्षं राखलं. कुणाला अंडं दिलं तर उकडून दिलं, म्हणजे कुणी उबवायला नको. पण यंदा अंडी मशीनला लावली आणि पाठोपाठ कोंबड्यांत मानमोडीची साथ आली. आठवड्याच्या आत खुराडं रिकामं झालं. उरलं ते एवढंच, काचेच्या दाराआडचं. आणि अंडी आता चोच मारायच्या बेतात होती, आज-उद्याची गोष्ट.

अशा वेळी बलभीमला, तिच्या लेकाला, कॅमेरा सुचला. पिल्लं कवच फोडून बाहेर येताना गिऱ्हाइकाला फोनवर दिसली पाहिजेत, म्हणे. त्यानं कॅमेरा आणला आणि त्याचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर चढवायला दसऱ्याचा मुहूर्त धरला. मुहूर्त कडूबाईनंच काढून दिला होता. कॉम्प्युटरवर बसली सून, निकिता. तिनं लोहाऱ्याला कॉम्प्युटरचा क्लास केलेला होता.

पडद्यावर इंग्रजीत प्रश्न यायचे, निकिता होकाराचं बटण दाबायची. एका प्रश्नाला तिचा हात थांबला.

"आत्या, हे विचारतंय, इथं एक फाईल आधीपासून आहे, जुनी. तिच्या जागी नवी टाकू का? मला वाटतं, न्हा—"

"जीभ आवर!" दारात ताक घुसळत बसलेली कडूबाई कडाडली. "वर्साचा सण. त्याच्या गळ्यातला हार अजून ताजा हाय, आन् तू त्याच्या तोंडावर तसलं बोलतीस? इचारतोय बिचारा, तर व्हय म्हण."

"पण आत्या, ती जुनी फाईल कुणाची..."

"जुनं जाऊन नवं येतंय. त्यात रडायसारखं काय?"

बलभीम हसला. निकितानं होकार दाबला. मग कॉम्प्युटरनं विचारलं, बंद होऊन पुन्हा चालू होऊ का? त्यालाही होकार.

कॅमेऱ्याचा प्रोग्राम झकास उघडला. पडद्यावर काचेचं दार, दाराआड अंड्यांच्या रांगा. बलभीमनं आईला हाक मारून दाखवलं. कडूबाईनं पदरानं हात पुसत बघितलं, मान डोलावली, आणि तशीच थबकली.

खोलीत काहीतरी कमी होतं. त्या पंख्याची घरघर घराच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ती थांबलेली कळायलाच वेळ लागला.

"निके, पंखा."

निकितानं मशीनचा प्रोग्राम उघडायला टिचकी दिली. एक चौकट आली, त्यात लाल फुली. पुन्हा दिली. पुन्हा फुली. काचेआडचे बल्ब काळे.

"अगं काय म्हणतंय ते?" बलभीमनं विचारलं. त्याचं हसू अजून ओठांवरून उतरलं नव्हतं.

"ती फाईल, मघाची. दोन्ही प्रोग्राम तीच वापरतात, सामाईक आहे ती. कॅमेऱ्याला नवी लागत होती, म्हणून त्यानं जुनी काढून तिथं नवी ठेवली. आता आपलं मशीन त्या नव्या फाईलीत एक काम शोधतंय, आणि ते काम तिच्यात..." तिनं कडूबाईकडं बघितलं आणि शब्द गिळला. "ते काम तिच्यातनं गेलंय."

"मग कॅमेरा काढून टाक."

निकितानं काढला. कॅमेरा गेला, नवी फाईल मात्र जिथल्या तिथं ठाण मांडून बसली. पाहुणा गेला आणि त्याचं गाठोडं मागं राहिलं, अशी गत. जुनी तर पुसलीच गेली होती.

"मशीनसंगट एक सीडी आलती," कडूबाई म्हणाली. "चकाकणारी. कपाटात कपड्यात गुंडाळून ठेवलीती म्या. ती आण."

बलभीम जागचा हलला नाही. कानाची पाळी चोळत उभा राहिला.

"बलभीम."

"आई, ती... ज्वारीवर पाखरं लई पडत होती."

सगळी वस्ती शेतात चकाकणाऱ्या सीड्या बांधते, उन्हात चमकल्या की पाखरं बुजतात. यानं घरातल्या सगळ्या गोळा करून बांधल्या होत्या. बलभीम पळत रानात गेला आणि काठीवरची ती सीडी तोडून घेऊन आला. उन्हानं तिचा चकाकता पापुद्रा सोलून निघाला होता. आरपार दिसत होतं.

कडूबाईनं ती हातात घेतली, तिच्यातून लेकाच्या तोंडाकडं बघितलं. "पाखरं तरी भ्याली का?" तिनं विचारलं. बलभीमनं मान खाली घातली.

मग बोलण्यात वेळ गेला नाही. कडूबाईनं शेगडी पेटवून मशीनच्या तळाशी ठेवायला लावली, काचेवर घोंगडी टाकली. पण पंख्याशिवाय ऊब फिरेना. शेगडीजवळचा ट्रे तापायला लागला, वरचा थंडच. ती एकेक अंडं उचलायची, मिटल्या पापणीला लावायची. हात खोटं सांगतो, पापणी सांगत नाही, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. खालचं अंडं पापणीला चटकायचं. वरचं लावलं की पापणी गार पडायची. बलभीम सुपानं वारा घालून ऊब वर ढकलत राहिला. एखादी खुडूक कोंबडी असती तर तिच्याखाली सरकवली असती अंडी. पण खुराड्यात आता नुसता चुना मारलेला होता.

"दुसरीकडं कुठं मिळंल ही फाईल?" तिनं विचारलं.

"इंटरनेटवर नाव टाकून बघितलं. पण ती कुठली, कसली, खात्री वाटत ना... वाटंना. चुकीची बसली तर हाय तेबी जाईल." निकिता घुटमळली. "अगदी असंच, याच कारखान्याचं, याच वर्षाचं मशीन ज्यांच्याकडं असंल, त्यांच्या कॉम्प्युटरात ती असणार."

तसं मशीन पंचक्रोशीत आणखी एकच होतं, धरणाच्या अंगाला चन्नबसप्पांच्या वस्तीवर. दोन्ही एकाच टेम्पोतून आलेली. तेव्हा कडूबाईचा नवरा आणि चन्नबसप्पा एका ताटात जेवायचे. नवरा गेल्यावर चन्नबसप्पांनी त्या काळ्या वाणाची दोन पिल्लं मागितली होती. कडूबाई भर बाजारात म्हणाली होती, "तुमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातनं इकत आणलेल्या कोंबड्यांत माझं वाण बाटवायला देऊ व्हय?" तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

"मी जाऊन येऊ?" बलभीम म्हणाला, पण आवाजात पाय मागं ओढत होता.

"तू शेगडीजवळ बस. आन् अंडं पापणीला लावून बघ, गालाला लावून चालायचं..." कडूबाईनं श्वास घेतला. "पापणीलाच लाव." तिनं देव्हाऱ्यातली आपट्याची पानं पदरात बांधली. "निके, स्कुटी काढ."

ऊन कलायला लागलं होतं. धरणाच्या रस्त्यावर पोरं सीमोल्लंघनाला निघाली होती, सोनं घ्या, सोनं घ्या म्हणत स्कुटी अडवत होती. कडूबाई पाठीमागं बसून एका हातानं पानं वाटत होती, दुसऱ्या हातानं सुनेचा खांदा आवळत होती. एरवी लहानानं मोठ्याच्या घरी सोनं घेऊन जायचं. आज ती चन्नबसप्पांच्या दारात चालली होती, आणि गाव बघत होतं.

चन्नबसप्पा ओट्यावर बसले होते, कपाळावर भस्म, अंगात धुतलेली बंडी. उठले नाहीत.

"शरणार्थ, आक्का. आज रस्ता चुकला का?"

"सोनं घ्या," कडूबाईनं पानं पुढं केली. चन्नबसप्पांनी घेतली. दसऱ्याला दारात आलेलं सोनं कुणी परत लावत नाही. मग आतून पाण्याचा तांब्या आला. तो तसाच राहिला.

निकितानं सगळं सांगितलं, फाईल, कॅमेरा, होकार. सीडीचं तिनं सांगितलं नाही, ही तिची मर्यादा. चन्नबसप्पा ऐकून घेत होते. मधेच त्यांचं लक्ष आतल्या खोलीकडं जायचं. तिथं त्यांचं मशीन घरघरत होतं. तोच आवाज. कडूबाईला तो ऐकवेना.

"माझी बी अंडी लागलीत आक्का," शेवटी ते म्हणाले. "माझ्या कॉम्प्युटरला म्या कुणाचं बोट लागू देत न्हाय. नेट न्हाय, कॅमेरा न्हाय, काय न्हाय. म्हणून तर चालतोय. तुमचं ते पेनड्राइव्ह लावायचं, त्यातनं काय रोग शिरला तर? तुमचं गेलं ते गेलं, माझं बी जायचं."

"तुमचाच पेनड्राइव्ह द्या काका," निकिता म्हणाली. "माझा लावत न्हाय. आणि तुमच्यातलं काही बदलत न्हाय, नुसती नक्कल घेते."

चन्नबसप्पा हातातली पानं चाळवत राहिले. "सणाचा दिवस हाय. म्या न्हाय म्हणत न्हाय. बघू."

'बघू' हा शब्द कडूबाईला चांगला ठाऊक होता. ज्याला नकार द्यायचा असतो आणि सणाची भीती असते, त्याच्यासाठीच तो शब्द आहे. तिनं आयुष्यात तो पन्नासदा वापरला असेल. तिला उठावंसं वाटलं. उठून, पदर झटकून, दोन असे शब्द टाकावेत की यांना दिवाळीपर्यंत झोप लागू नये. ते शब्द तिच्या जिभेवर तयार होते. पण तिच्या पापणीला अजून तो गारवा लागलेला होता.

"चन्नबसप्पा," ती म्हणाली, "खुराड्यात एक कोंबडी उरली न्हाय. ती अंडी गेली, तर माझ्या माहेरचं वाण ह्या जगात न्हाय."

निकितानं झटकन सासूकडं बघितलं. चन्नबसप्पांची पानं चाळवणारी बोटं थांबली. कडूबाईचा सणाचा कायदा साऱ्या माकणीला माहीत होता. पाडव्याला हिच्या सासूनं नवऱ्याला कसं बाहेर काढलं, ते चन्नबसप्पांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि आज दसऱ्याला, दुसऱ्याच्या ओट्यावर बसून, ही बाई दोनदा तो शब्द बोलली होती.

ते उठले. देवळीतून एक पेनड्राइव्ह आणला. "ह्यात बसवजयंतीची भजनं हायेत. ती तेवढी पुसू नको पोरी."

निकिता आत गेली. कडूबाई दारात उभी राहिली. पडद्यावर फायलींची लांबच लांब यादी सरकत होती. निकितानं एक घेतली, थांबली, मग तिच्या आसपासच्या अजून काही घेतल्या.

"एकच लागती म्हणालीस की," चन्नबसप्पा संशयानं म्हणाले.

"लाल फुलीच्या चौकटीनं एकच सांगितली. पण ती एकटी यायची न्हाय काका. तिच्या सोबतिणी लागतात कधीकधी. परत यायला वेळ न्हाय."

निघताना चन्नबसप्पा स्कुटीपाशी आले. म्हणाले, "तवा दोन पिल्लं दिली असती आक्का, तर आज माझ्या खुराड्यातनं जोडी उचलून दिली असती तुम्हाला. एवढी धावपळ कशाला लागली असती?"

कडूबाईनं पदर खोचला आणि स्कुटीवर बसली.

घरी आल्या तेव्हा बलभीमचे डोळे धुरानं लाल झाले होते. वरच्या ट्रेवर त्यानं आणखी एक घोंगडी टाकली होती. "वरची बिलकुल गार लागायलीत आई," तो म्हणाला.

निकितानं पेनड्राइव्ह लावला आणि जुनी फाईल सामाईक जागेवर ठेवायला गेली. कॉम्प्युटरनं नकार दिला. पुन्हा ठेवली, पुन्हा नकार.

"आता काय झालं?"

"नवी फाईल कुणीतरी धरून बसलंय. सोडंना."

"कुणी?"

"कॅमेऱ्यानं मागं ठेवलेलं काहीतरी असंल. दम धरा." निकिताच्या कपाळावर घाम होता. तिनं डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली, आणि एकदम सरळ बसली. "अहो, सामाईक जागेत ठेवायची गरजच काय? प्रोग्राम आधी स्वतःच्या घरात बघतो. तिथं सापडलं तर तो सामाईक कोठीकडं जातच न्हाय. मशीनची फाईल मशीनच्याच घरात ठेवते. नवी राहू दे तिथं बसलेली."

कडूबाईला हे कळलं. सासरी चौघी जावांत एकच विळी होती, आणि ज्या दिवशी धाकट्या जावेनं तिची धार आपल्या सोयीनं बदलून घेतली त्या दिवसापासून कुणाचीच भाजी धड चिरली गेली नव्हती. तेव्हा कडूबाईनं माहेरून स्वतःची विळी आणून अंथरुणाखाली लपवली होती. ही गोष्ट आजवर तिनं कुणाला सांगितली नव्हती, आत्ताही सांगितली नाही.

निकितानं टिचकी दिली. चौकट आली. लाल फुली.

बलभीमनं कपाळावर हात मारला. निकिता मात्र पडद्याला नाक लावून वाचत होती. "ही दुसरी आहे. पहिली चालली, आता तिची सोबतीण मागतोय." तिनं भजनांच्या खालून दुसरी फाईल उचलली, त्याच घरात ठेवली. टिचकी.

पडदा काळा झाला. कडूबाईनं सुनेच्या खुर्चीची पाठ धरली. मग जुनी हिरवी अक्षरं उजळली, आकडे थरथरले, आणि मशीनच्या पोटातून 'खट्' असा आवाज आला. एक बल्ब पेटला. मग बाकीचे. मग पंखा, आधी आळसावल्यासारखा, मग ओळखीच्या घरघरीत.

पण पंखा सुरू झाला म्हणजे अंडी जगली असं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीआधी कडूबाई मशीनपाशी गेली. शेगडीच्या बाजूचं एक अंडं तिनं कानाला लावलं. काही नाही. दुसरं. तेही मुकं. खालचा ट्रे तिनं सगळा लावला कानाला. एकातूनही काही ऐकू येईना. बलभीम दारात येऊन उभा राहिला होता. तिनं वळून बघितलं नाही. मग वरच्या ट्रेतलं, जे पापणीला गारढोण लागलं होतं, ते उचललं.

आतून टकटक झाली. बारीक, चिडकी. मग एक चिवचिवाट, कवचाच्या आतून, आणि तोही वाकड्या तोंडानं भांडल्यासारखा.

"माझ्यावर गेलंय," कडूबाई म्हणाली, आणि तिथंच खाली बसली.

वरच्या ट्रेतली बरीच निघाली. खालची बहुतेक गेली. ती कडूबाईनं स्वतः परसात पुरली, कुणाला हात लावू दिला नाही. जगलेल्यांना लस टोचून घेतली, आणि त्यांच्या अंगावर अजून पिसं फुटली नव्हती तोवरच त्यांतली नर कोणती, मादी कोणती, हे ताडायला बसली.

दिवाळीच्या पाडव्याला कॉम्प्युटरनं पुन्हा काहीतरी विचारलं. नवीन काय आलंय ते घेऊ का, असं काहीसं. निकितानं बटणावरचा हात तसाच ठेवून सासूकडं बघितलं.

कडूबाई रांगोळीची बोटं झटकत म्हणाली, "त्याला सांग, न्हाय."

"आत्या, पाडवा आहे."

"माणसाला म्हणू ने, म्हणालते मी. डबड्याला कुठला आलाय पाडवा?"

मग तिनं दुरडी उचलली. दुरडीत भजनांचा पेनड्राइव्ह होता, स्वच्छ फडक्यात, आणि फडक्याशेजारी काळी पिल्लं, एक कोंबडा होईल असं आणि दोन तलंगा, म्हणजे कोंबड्या होतील अशी. स्कुटी चन्नबसप्पांच्या ओट्यापाशी थांबली तसे ते उठून उभे राहिले. दुरडीत डोकावले आणि मागं सरले.

"न्हाय आक्का. तुमच्याकडं उरलीच किती? एवढी म्या न्हाय घेणार."

"घ्या मुकाट्यानं," कडूबाई म्हणाली. "सणाचं न्हाय म्हणता? आन् तुमच्या त्या पुठ्ठ्याच्या कोंबड्यांपासून जरा लांब ठेवा. माझीच हायेत ती, तुमच्या घरी ठेवलीत एवढंच."